ठिपक्याचा कप

लोकांना मी अजूनही एवढंच सांगते, की स्नेहलता आजारी होती तेव्हा सात आठवडे आमच्याकडे राहिली. ऐकणारे म्हणतात, "शुभदाताई, तुमचं मन मोठं हो." आणि मी गप्प बसते. मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे, हे इथल्या, जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या, कुठल्याही मराठी माणसाला विचारा. मराठी मंडळाच्या सभेत मी बोलायला उठले की अर्धे लोक चहाला जातात. पण या बाबतीत माझी जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा आज एकदाच सगळं सांगून टाकते, चांगलंवाईट सगळं.

स्नेहलता भिंगारदिवे मूळची अहमदनगरची. इथं युनिव्हर्सिटीत मेडिकल टेक्नॉलॉजीत पीएचडी करत होती. २००५ साली आमच्या बसस्टॉपसमोर सायकल घसरून पडली आणि "आई गं" म्हणाली, म्हणून मला सापडली. गुडघा धुवायला घरी आणली ती आमचीच झाली. दर रविवारी जेवायला यायची, माझ्या शेजारी उभी राहून पोळ्या लाटायची. माझ्या मुलीचा, मैथिलीचा, अपूर्णांकांशी उभा दावा होता, तो तिनंच मिटवला. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काकू, आम्ही ख्रिस्ती. उपासतापास काही नाही, काहीही वाढा." मी म्हटलं, "आम्ही तसलं काही मानत नाही." तिनं ते विचारलं नव्हतं. मीच आपणहून सांगितलं होतं.

२००७ च्या दिवाळीला मंडळाचा कार्यक्रम झाला, तेव्हा तिला महिनाभर खोकला होता. ॲलर्जी असेल म्हणाली. प्रसाद आणि फराळाच्या डिशा तिनंच फिरवल्या. पुढच्याच आठवड्यात निदान झालं, टीबी. तिला हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं आणि आरोग्य खात्याची पत्रं आम्हा चाळीस जणांच्या दारात येऊन पडली, अमुक तारखेला तपासणीला हजर राहा. मग काय, मंडळात मोहोळ उठलं. कुणी म्हणे तिनं मुद्दाम लपवलं, कुणी म्हणे आमच्या लहान मुलांना काही झालं तर जबाबदार कोण. मंडळाच्या सेक्रेटरी लतिकावहिनी, त्यांचा मला फोन आला. आधी मुलांची काळजी करून झाली, मग प्रसादाला तिचा हात लागल्याचं बोलून झालं आणि शेवटी आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "शुभदा, भिंगारदिवे म्हणजे नक्की कोण गं?"

"टीबीचे जंतू आडनाव विचारून शिरत नाहीत, वहिनी," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. दिवसभर मला माझाच अभिमान वाटत होता.

तपासण्यांत कुणालाच काही निघालं नाही. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी स्नेहलतालाही घरी सोडलं. आता तिच्यापासून कुणाला धोका नाही, असं त्यांनी लेखी दिलं. सहा महिन्यांच्या गोळ्या तेवढ्या न चुकता पुऱ्या करायच्या. पण घर कुठलं? ज्या तिघी जर्मन मुलींबरोबर ती फ्लॅटमध्ये राहायची, त्यांनी तिची खोली दुसरीला देऊन टाकली होती. अगदी गोड शब्दांत, सामान नीट खोक्यांत भरून, वर शुभेच्छांचं कार्ड ठेवून. आणि आपल्या मराठी मंडळींत ज्याला विचारावं त्याच्याकडे नेमके पाहुणे येणार होते. माझं डोकं फिरलं. आमचे हे, पद्माकर, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, बोलतात कमी आणि वाचतात फार. मी त्यांना म्हटलं, "अहो, उद्या गाडी काढा. पोरीला आपल्याकडे आणायचं."

इथवर गोष्ट चांगली आहे. इथंच संपली असती तर लोक म्हणतात ते खरं ठरलं असतं.

त्याच दिवशी मी कपाटातून एक ताट, एक वाटी, एक पेला आणि एक कप बाजूला काढला. माझी लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येकाच्या तळाला एकेक ठिपका लावला. बारीकसा, वरून दिसू नये असा. ही भांडी आमच्या भांड्यांत मिसळायची नाहीत, डिशवॉशरमध्ये घालायची नाहीत, खिडकीच्या कट्ट्यावर वेगळी ठेवायची, असं मी ठरवून टाकलं.

यांनी ते पाहिलं. "टीबी भांड्यांतून पसरत नाही, शुभदा. डॉक्टरांच्या पत्रकात दुसऱ्याच पानावर लिहिलंय."

"घरात मूल आहे," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं पत्रक वाचा, माझं घर मला चालवू द्या."

मला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलेलं होतं. ते आतल्या खोलीत निघून गेले.

स्नेहलता आली ती अर्धी होऊन. गालांची हाडं वर आलेली, स्वेटर अंगावर लोंबणारा. मी तिचं सगळं केलं, अगदी सगळं. सकाळी गोळ्यांची आठवण, मऊ भात, तूप, डिंकाचे लाडू, गरम दूध. माहेरवाशिणीचं करतात तसं केलं, आणि सगळं त्या ठिपक्याच्या ताटात वाढलं. पहिल्या संध्याकाळी ती आपलं ताट धुवायला उठली. कप निथळायला पालथा घालताना तिचा हात थांबला. मी शेजारी कोथिंबीर निवडत होते, मान वर केली नाही. तिनं चारही भांडी पुसली आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. तिला ती जागा कुणी सांगितलेली नव्हती.

मग एकदा तिनं विचारलं, "काकू, पोळ्या लाटू?" मी म्हटलं, "तू आराम कर." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही आराम कर. संक्रांतीला आदल्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून तिळाचे लाडू वळले होते, हात भाजून घेत आणि एकमेकींना हसत. यंदा मी एकटीनं वळले. तिला दोन दिले, गोड बोल म्हटलं. ती गोडच बोलत होती. पण तिसऱ्यांदा काही तिनं विचारलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मैथिली तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं. इथं मी ते मराठीत सांगते. तिच्या शाळेत धर्माचा तास असायचा. आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी नीतिशास्त्राचा वेगळा तास होता, पण तो दुपारी उशिरा, आणि त्यानंतर बस नसायची. म्हणून आम्ही तिला ख्रिस्ती धर्माच्या वर्गात बसवलं. म्हटलं, चार चांगल्या गोष्टी कानावर पडतील, बिघडलं काय.

संध्याकाळी ती गृहपाठाचा कागद घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्नेहलता चहा पीत होती. मी आमटीच्या फोडणीला तेल तापत ठेवलं होतं. कागदावर गोष्ट होती. येशू चालून चालून दमलेला, भर दुपारी एका विहिरीपाशी बसतो. एक शोमरोनी बाई घडा घेऊन एकटीच पाण्याला येते. शोमरोनी लोकांना यहुदी हलके समजत, त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. येशू यहुदी. तो तिला म्हणतो, मला प्यायला पाणी देतेस का? बाई चकित होते, म्हणते, तू माझ्याकडे पाणी मागतोस? खाली प्रश्न होता, बाईला आश्चर्य का वाटलं?

"पाणीच तर मागितलं," मैथिली म्हणाली. "त्यात आश्चर्य कसलं? शाळेतल्या बाई म्हणाल्या, तो शत्रू होता म्हणून. पण शत्रूलाही तहान लागतेच की."

"तुझ्या बाईंना कसं कळणार," मी म्हटलं. "ते कळायला आपल्याकडे जन्मावं लागतं." आणि मी सुरू झाले. तेल तापत होतं, पण माझं तोंड त्याहून तापलेलं. "अगं, त्याच्याजवळ स्वतःचं भांडं होतं का? नव्हतं. विहीर खोल. म्हणजे तिनं ओढलेलं पाणी, तिच्याच घड्यातलं, तिच्याच हातनं प्यायचं. ज्यांच्या भांड्याला कुणी शिवत नाही, त्या भांड्याला तोंड लावायचं. म्हणून ती दचकली. आपल्याकडेही असं असायचं, मैथिली. काही लोकांना विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. घरी कामाला आले तर त्यांच्यासाठी वेगळा कप, तो वेगळ्या जागी ठेवायचा, त्यांचा त्यांनीच धुवायचा. फार वाईट चाल. माणसाला माणूस न समजण्याची चाल. आणि हा माणूस सरळ म्हणतो, तुझं पाणी मला दे." असलं बोलायला मला छान जमतं.

मैथिलीनं लिहिता लिहिता मान वर केली. "आख झो, अस्सं होय," ती म्हणाली. "स्नेहाताईच्या कपासारखं."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. उदाहरण सुटल्यावर ती जशी स्नेहलताकडे बघायची, बरोबर ना म्हणून, तशीच बघत होती. मी गॅस बंद केला. मोहरी घालायची राहिलीच होती.

"गेनाऊ," स्नेहलता शांतपणे म्हणाली. "अगदी बरोबर. लिही."

मग तिनं कपातला उरलेला चहा संपवला आणि मैथिलीलाच सांगू लागली, माझ्याकडे न बघता. "माझी आजी लहानपणी विहिरीखाली घडा घेऊन बसायची. वरून कुणी दया येऊन ओतेल तेव्हा पाणी. पुढे मोठी झाल्यावर एका ख्रिस्ती कीर्तनात तिनं हीच गोष्ट ऐकली. कीर्तनकार पुढे बरंच काही सांगत होते, येशूनं तिला काय दिलं, कसलं पाणी दिलं. आजी मध्येच उठली आणि म्हणाली, ते असू द्या, देणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. त्यानं आमच्याकडं मागितलं, ते परत सांगा. आणि मग विचारलं, तिनं दिलं का पाणी? तर ते कुठंच लिहिलेलं नाही. आजी म्हणायची, दिलं असेल. पण लगेच नसेल दिलं."

ती उठली, कप धुतला, पुसला, कट्ट्यावर ठेवला आणि खोलीत गेली.

जेवणं कशीबशी झाली. मागचं आवरताना हे ओट्यापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "शुभदा, दोन वर्षांपूर्वी सिद्धेश कुलकर्णी कावीळ होऊन आपल्याकडे तीन आठवडे राहिला होता. कावीळ तर खाण्यापिण्यातनं पसरते. तेव्हा कुठल्या कपाला ठिपका लावला होतास?"

सिद्धेश आमच्या कपातून चहा प्यायचा. उरलेली पोळी माझ्या ताटात टाकायचा. मला ठिपक्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्नेहलता लॅबमध्ये गेल्यावर मी रिमूव्हर घेऊन चारही ठिपके पुसले. कप आमच्या कपांत मिसळून टाकला. वाटलं, झालं, मिटलं. संध्याकाळी ती आली, कट्टा रिकामा बघितला, कपाटापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आता मला माझा कुठला ते कसं कळणार?"

त्या बोलण्याला धार असती तर मी भांडले तरी असते. ती खरंच विचारत होती, थकलेल्या आवाजात. मग म्हणाली, "बाय द वे, मला होस्टेलवर खोली मिळालीय. एक तारखेपासून."

एक तारखेला तिची खोकी यांनी गाडीत ठेवली. ती माझ्या पाया पडायला वाकली. कधी नव्हे ती वाकली, तेव्हाच मला कळलं की आता आपण परक्या झालो. "खूप केलंत माझ्यासाठी, काकू," ती म्हणाली.

तीन रविवार गेले. मी चार माणसांचा स्वयंपाक करत होते आणि तिघं जेवत होतो. फोन केला तर ती उचलायची, बरी आहे म्हणायची, गोळ्या घेतेय म्हणायची, कामात आहे म्हणायची. मैथिली विचारायची, स्नेहाताई का येत नाही, आणि मी सांगायचे, अभ्यास असतो. पोरीला परदेशात माझ्याशिवाय कोण होतं, असं मी सगळ्यांना ऐकवायचे. खरं उलटं होतं. मला तिच्याशिवाय करमत नव्हतं, आणि ती मला सोडून गेली तर तो माझ्याच हातचा गुण होता. तो हात मी रोज बघत होते.

चौथ्या शनिवारी उठले. डबा भरला, पुरणपोळ्या, वर तुपाची वाटी. रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं नाही, हे आमचं वळण. बूट घातले, आणि दारातच थांबले. डबा पुढे केला की ती घेणार, थँक्यू काकू म्हणणार, आणि मी पुन्हा देणारी होऊन परत येणार. सात आठवडे मी दुसरं केलं काय होतं? मी डबा ओट्यावर ठेवला आणि तशीच निघाले. बसमध्ये हात कुठे ठेवावेत ते कळेना.

होस्टेलची लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून दार वाजवलं तेव्हा मला धाप लागली होती. तिनं दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"काही आणलं नाही," मी म्हटलं. "तहान लागलीय गं. पाणी देतेस?"

तिला लगेच समजलं. चेहरा कठीण झाला. "काकू, ती गोष्ट करून दाखवायला आलात का? मी पाणी द्यायचं, तुम्ही प्यायचं, आणि फिटलं?"

"तहान खरीच लागलीय," मी म्हटलं. "पण हो, मला बरं वाटावं म्हणूनही आलेय. आणि तू येत नाहीस ते सोसवत नाही म्हणून आलेय."

ती दारातून बाजूला झाली. खोली एवढीशी, एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात बेसिन. बस म्हणाली नाही, मी बसले नाही.

"हॉस्पिटलात चार आठवडे मास्कशिवाय कुणी माझ्याजवळ आलं नाही," ती म्हणाली. "मला त्याचं काही वाटलं नाही. आजारच तसा. येशूनं महारोग्याला आधी हात लावला आणि मग बरं केलं, पण तसं कुणाला जमतं? मी कुणाकडून अपेक्षाच ठेवली नव्हती. मी फक्त बरी व्हायची वाट बघत होते. बरी झाले की तुमच्या ओट्याशी उभी राहीन, असं रोज मनात म्हणायचे. आणि बरी झाल्यावर..." ती थांबली. "आजाराचा ठिपका असता तर मी समजून घेतलं असतं, काकू. पण तो आजाराचा नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. मी नाही म्हणेन, घरात मूल आहे म्हणेन, अशी तिची खात्री असणार.

"सिद्धेशला कावीळ झाली तेव्हा मी काहीच वेगळं केलं नव्हतं," मी म्हटलं. "तुलाच ठिपका लावला. आम्ही काही मानत नाही म्हणत म्हणत लावला. लावताना मला कळलं नाही, असं म्हणणार होते, पण तेही खोटंच. कळू दिलं नाही. मला त्याची लाज वाटते, स्नेहा." डोळे भरून आले होते, पण मी रडले नाही. रडले असते तर तिलाच मला समजवावं लागलं असतं, आणि तेवढाही भार मला तिच्यावर टाकायचा नव्हता.

खाली रस्त्यावरून एक बस गेली. मग तिनं टेबलावरचा कप उचलला. खोलीत तेवढा एकच होता, तिनं अर्धा प्यालेला. बेसिनपाशी गेली. मला वाटलं विसळेल. तिनं विसळला नाही. नळ सोडला, तसाच भरला आणि माझ्यापुढे धरला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा हात पुढे गेला आणि कपाच्या अलीकडे थांबला. क्षणभरच, पण थांबला. शपथेवर सांगते, मला तो थांबायला नको होता. एवढं बोलून झालं होतं, सगळं कबूल करून झालं होतं, डॉक्टरांचं पत्र पाठ होतं, आणि तरी हात थांबला. लहानपणी आई दारातून ओरडायची, शिवू नकोस गं, तो आवाज मला एर्लांगेनच्या तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू आला. मी कप घेतला. तोंडाला लावला. गार पाणी होतं, दातांत कळ गेली. सगळं प्याले.

तिनं रिकामा कप माझ्या हातातून परत घेतला.

"हात थांबला तुमचा," ती म्हणाली.

"थांबला."

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, मायेनंही नाही. हिचं काय करावं, असं.

"आणखी देऊ?" तिनं विचारलं.

"दे," मी म्हटलं.